वाढवणचा किनारा आणि ‘उद्योग’ हा एक शब्द

१/
सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगला समुद्र नाही. इथल्या माणसाचा पाण्याचा विचार विहीर, बोअर आणि उजनीचे आवर्तन यांपलीकडे सहसा जात नाही. तरीही आजचा धागा समुद्राचा आहे. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात ते बंदरातून. ज्या किनाऱ्यावर बंदर उभे राहते, तिथल्या माणसांचा इतिहास कोरडवाहू मुलखातल्या आपल्यालाही माहीत असायला हवा.

२/
गोष्ट पालघर जिल्ह्यातल्या, डहाणू तालुक्यातल्या वाढवण गावाची. १९९८ साली एका न्यायिक अधिकार असलेल्या प्राधिकरणाने सांगितले की या किनाऱ्यावर महाबंदर बांधणे मुळीच अनुज्ञेय नाही. २०२४ साली त्याच किनाऱ्यासाठी देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एकाची पायाभरणी झाली. खडक तेच, भरती-ओहोटी तीच, गावेही तीच. मग मधल्या २६ वर्षांत बदलले काय?

३/
आधी जागा नीट डोळ्यांसमोर आणू. वाढवणचा किनारा म्हणजे पर्यटकांच्या छायाचित्रांतली मऊ वाळू नव्हे. ओहोटी लागली की इथे काळ्या खडकांचे विस्तीर्ण पठार उघडे पडते. खडकांच्या खाचांत पाणी साचून राहते. त्यात खेकडे, कालवे, शिंपले आणि माशांची पिल्ले. समुद्रातले शंखोदर हे खडकाळ स्थान परिसरातल्या लोकांच्या श्रद्धेचे. किनाऱ्यापासून थोडे आत गेले की समुद्राचा तळ झपाट्याने खोल होतो आणि सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली मिळते.

४/
ही खोलीच या गावाच्या नशिबाचा विषय झाली. मासळीला ती मानवते आणि महाकाय जहाजांनाही ती हवी असते. बंदर-अभियंत्याच्या नकाशावर जो बिंदू सोन्याचा, तोच मच्छीमाराच्या अनुभवातही सोन्याचा. पालघर-डहाणूच्या या पट्ट्याला मच्छीमार ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात ते उगाच नाही. पापलेट, घोळ, दाढा, बोंबील, शेवंड ही इथली संपत्ती. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ज्याला राज्यमासा म्हणून मान दिला, तो रुपेरी पापलेट सातपाटी-डहाणूच्या कोळीवाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोसत आला आहे.

५/
समुद्रावर जगणारे मांगेला, कोळी, वैती. बागायती करणारे भंडारी व इतर शेतकरी. पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यातले वारली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिंचणी-वाढवण परिसरात दागिन्यांचे साचे कोरण्याचा, म्हणजे डायमेकिंगचा, घरगुती व्यवसायही रुजलेला आहे. ‘मागास किनारा’ या शब्दांत हे चित्र बसत नाही, एवढे इथे नोंदवून ठेवू. पुढच्या वादात ते उपयोगी पडेल.

६/
आता हजार वर्षे मागे जाऊ. वाढवणजवळच्या चिंचणीत विसाव्या शतकाच्या मध्यास काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. ते कलबुर्गी जिल्ह्यात, आपल्या अक्कलकोटच्या बाजूने गेल्यास फार दूर नाही. आपल्या शेजारच्या राजधानीतून तेव्हा या किनाऱ्यावर राज्य चाले.

७/
या ताम्रपटात किनाऱ्याच्या कारभाऱ्याचे नाव येते ‘मधुमती’. तो ‘ताजिक’ होता, म्हणजे अरब. ‘मुहंमद’ या नावाचे हे संस्कृत रूप. राष्ट्रकूटांनी त्याच्याकडे संयान, म्हणजे संजाण, मंडळाचा कारभार सोपवला होता. त्याने नद्यांवर मोफत तरींची सोय केली आणि वाटसरूंना भात, कालवण, तूप मिळेल असे अन्नछत्र चालवले, असे हा लेख सांगतो. देवीच्या मठाला दिलेल्या दानाची नोंदही त्यात आहे.

८/
ताम्रपटाचा हा दाखला इथे का? ‘कोळ्यांना जग नको आहे, व्यापार नको आहे’ असा सूर बंदराच्या वादात वारंवार लावला जातो. चिंचणीचे पत्रे त्याला परस्पर उत्तर देतात. अरब कारभारी, कन्नड राजसत्ता, संस्कृत लेख आणि देवीचा मठ हे सारे ज्या किनाऱ्यावर दहाव्या शतकात एकत्र नांदले, तो किनारा जगाला परका कधीच नव्हता. प्रश्न व्यापार असावा की नसावा हा नव्हताच. व्यापार कोणत्या आकाराचा आणि कोणाच्या संमतीने, हा होता.

९/
पुढे हा पट्टा पोर्तुगिजांकडे गेला. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. दुर्गप्रेमी मित्रांना हे ठाऊक असेलच. तारापूर ते वाढवण हे अंतर थोडके आहे. किनाऱ्यावरचा मोक्याचा बिंदू कोणाच्या हाती, या प्रश्नावर इथे रक्त सांडून झालेले आहे.

१०/
डहाणूच्या डोंगराकडच्या बाजूला वेगळी परंपरा आहे. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. ‘आम्ही फुकट राबणार नाही’ एवढीच ज्यांची मागणी होती, त्यांनी तिची किंमत प्राणांनी मोजली. या तालुक्याला नकार देण्याची सवय आहे, आणि ती किनाऱ्यावरही आहे, डोंगरातही.

११/
स्वातंत्र्यानंतर ‘राष्ट्रीय प्रकल्प’ हा शब्द इथे आला. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या विस्तारासाठी पुढे अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. शेजारच्या गावांनी हे पुनर्वसन जवळून पाहिले. वाढवणकरांच्या मनातली भीती कोणी बाहेरून येऊन पेरलेली नव्हती. ती पंचक्रोशीतल्या नातेवाइकांच्या घरी बसून ऐकलेली होती.

१२/
ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डहाणूत ५०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प मंजूर झाला. चिकूच्या बागा, खाडी आणि जंगल यांच्या मधोमध कोळसा जळणार होता. स्थानिक बागायतदार आणि पर्यावरण कार्यकर्ते न्यायालयात गेले. प्रकल्प थांबला नाही. परंतु या लढ्याच्या रेट्यातून एक दुर्मीळ दस्तऐवज जन्मला, आणि पुढची तीस वर्षे सगळा वाद त्याच्याभोवती फिरत राहिला.

१३/
तो दस्तऐवज म्हणजे २० जून १९९१ ची केंद्र सरकारची अधिसूचना. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली डहाणू तालुका ‘पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र’ ठरला. उद्योगांची तीन रंगांत वर्गवारी झाली: हिरवा म्हणजे निरुपद्रवी, नारिंगी म्हणजे अटींवर परवानगी, लाल म्हणजे बंदी. संपूर्ण तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर. भोवती संरक्षक पट्टाही आखलेला.

१४/
हे तीन रंग नीट लक्षात ठेवा. किनाऱ्याचे रक्षण करणारी भिंत दगडांची नव्हती, या वर्गवारीची होती. कोणती गोष्ट ‘उद्योग’ आणि कोणता उद्योग ‘लाल’, हे कागदावर कुठे लिहिले जाते, यावर समुद्रातल्या मासळीचे भवितव्य टांगले गेले. १९९१ साली ही भिंत पुरेशी भक्कम वाटली होती, आणि तसे वाटणे चुकीचेही नव्हते.

१५/
कायदा झाला, पण अंमल कोण करणार? ‘सँक्च्युअरी’ मासिकाचे संपादक बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला. उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असा आदेश केंद्राला झाला. १९ डिसेंबर १९९६ रोजी ‘डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण’ स्थापन झाले. एका तालुक्यासाठी असे प्राधिकरण, ही देशात विरळा घटना.

१६/
अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. गांधीवादी विचारवंत दादा धर्माधिकारी यांचे ते चिरंजीव. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले, १९७२ ते १९८९ मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती. प्राधिकरण नावापुरते नव्हते, हे लवकरच दिसले. मे १९९९ मध्ये त्याने वीजप्रकल्पाला धुरातले गंधक शोषणारे यंत्र बसवण्याचा आदेश दिला. ते यंत्र चालू व्हायला २००७ उजाडले. पण आदेश मागे घेतला गेला नाही.

१७/
त्याआधीच बंदराचा प्रस्ताव आला होता. नव्वदच्या दशकात देशाने बंदरे खासगी भांडवलाला खुली केली. ‘पी अँड ओ पोर्ट्स’ ही ऑस्ट्रेलियास्थित कंपनी तेव्हा न्हावा-शेव्यात कंटेनर टर्मिनल उभारत होती. ते १९९९ मध्ये सुरू झाले. तिच्यासोबत महाराष्ट्र शासनाने १९९७ च्या सुमारास वाढवणला महाबंदर योजले. कारण तेच, २० मीटर खोली.

१८/
विरोध कसा बांधला गेला, हे अभ्यासण्यासारखे आहे. मच्छीमार संस्था, बागायतदार, आदिवासींची कष्टकरी संघटना आणि शहरी पर्यावरणवादी या चार गटांचे हितसंबंध एकसारखे नव्हते. चिकूच्या बागेचा मालक आणि त्याच बागेत मजुरी करणारा वारली यांच्यात जुना ताण होता. तरीही समुद्राच्या प्रश्नावर ते एका बाजूला आले. मतभेद मिटवून एकी झाली असे नाही. मतभेद बाजूला ठेवून झाली. तशी एकी जास्त खरी असते.

१९/
त्यांचा युक्तिवाद भावनेवर उभा नव्हता. समुद्रात लांब बांध घातला की प्रवाहाची दिशा बदलते. एके ठिकाणी गाळ साचतो, दुसरीकडे किनारा धुपतो. तळ उकरला की पाणी गढूळ होते आणि माशांची अंडी घालण्याची ठिकाणे मोडतात. जहाजांचा मार्ग आखला की त्या पट्ट्यात जाळी टाकता येत नाहीत. बंदरामागून गोदामे, रस्ते, टाक्या येतात. तेव्हा ‘५०० एकर’ ही मर्यादा उरते कुठे?

२०/
१९ सप्टेंबर १९९८ रोजी प्राधिकरणाने निर्णय दिला: डहाणूत असे महाबंदर मुळीच अनुज्ञेय नाही, म्हणून ते बेकायदेशीर ठरेल. पी अँड ओचा प्रस्ताव मागे पडला. एका तालुक्यातल्या कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी बहुराष्ट्रीय कंपनी व राज्यशासन यांच्या संयुक्त योजनेला कायद्याच्या मार्गाने रोखले. नव्वदच्या दशकाच्या इतिहासात हे पान ठळक असायला हवे होते. पाठ्यपुस्तकांत ते सापडत नाही.

२१/
पण जय कशाचा झाला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे. ‘हा समुद्र इथल्या लोकांचा आहे’ असे १९९८ च्या निर्णयाने म्हटले नव्हते. ‘या नियमांत हे काम बसत नाही’ असे म्हटले होते. पहिले वाक्य हक्काचे असते, दुसरे वर्गवारीचे. हक्क काढून घ्यायला उघड अन्याय करावा लागतो. वर्गवारी बदलायला एक परिपत्रक पुरते.

२२/
सतरा वर्षे शांततेत गेली. जून २०१५ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्यात नवा करार झाला. वाटा ७४ आणि २६ टक्के. या वेळी आराखडा वेगळा होता. बंदर किनाऱ्याला चिकटून नव्हे, समुद्रात भराव घालून उभे करायचे. भरावाचे क्षेत्र १,४४८ हेक्टर, लाटा अडवणारे बांध १०.१४ किलोमीटर, प्रत्येकी १,००० मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स.

२३/
त्यामुळे एक नवे वाक्य ऐकू येऊ लागले: ‘बंदर समुद्रात आहे, गावे उठणार नाहीत.’ जमिनीच्या हिशेबाने ते बऱ्याच अंशी खरे होते. जमीन लागणार होती ती मुख्यतः रस्त्यासाठी आणि रेल्वेसाठी. आणि इथेच सोलापूरच्या वाचकाने थोडे थांबावे.

२४/
उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. भीमेच्या काठची गावे गेली. त्यांच्या पुनर्वसनाच्या कहाण्या कितीही कडू असल्या, तरी धरणग्रस्ताच्या हातात एक कागद होता: सातबारा. महाराष्ट्राने १९७६ मध्येच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्याचा पाया खातेदार हा. आता विचार करा, समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर असतो?

२५/
कोणाच्याच नाही. खोल पाण्यात डोल जाळ्यांचे खुंट कोणी कुठे रोवायचे, कोणत्या गावाची नौका कोणत्या पट्ट्यात जायची, हे पिढ्यांच्या रिवाजाने ठरत आले आहे. मोडणाऱ्याला गावकी जाब विचारते. ओहोटीच्या खडकांवर कालवे काढणाऱ्या बाईलाही आपली जागा ठाऊक असते. पण हा सारा ताबा तोंडी आहे. मोजणी खात्याच्या नकाशात तिथे निळा रंग आहे आणि निळ्या रंगात खातेदार नसतो. ‘विस्थापन शून्य’ हा आकडा अशा रीतीने जन्म घेतो.

२६/
वाढवण बंदर विरोधी संघर्ष समिती आणि मच्छीमार संघटना याच मुद्द्यावर उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ६५,५४५ कोटींच्या बंदराला तत्त्वतः मान्यता दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये झाईपासून मुंबईच्या कफ परेडपर्यंतच्या कोळीवाड्यांनी बंद पाळला. मासळी बाजार थांबले, नौका बंदरात उभ्या राहिल्या. एका गावाचा प्रश्न एव्हाना सगळ्या किनाऱ्याचा झाला होता.

२७/
परंतु निर्णायक घटना रस्त्यावर घडली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या यादीत बंदरे, धक्के आणि गाळ उपसण्याची कामे ‘लाल’ गटात होती. एप्रिल २०२० मध्ये, देश टाळेबंदीत असताना, मंडळाने त्यांना तिथून काढून ‘बिगर-औद्योगिक कामे’ या सदरात ठेवले. जूनमध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या कार्यालयीन ज्ञापनाने त्याला पुष्टी दिली. बंदर हा आता ‘उद्योग’च उरला नाही.

२८/
१९९१ ची अधिसूचना कोणी रद्द केली नाही. १९९८ चा निर्णय कोणी फाडला नाही. भिंत जागच्या जागी राहिली. बंदराला मात्र त्या भिंतीत नवे दार मिळाले. राष्ट्रीय मच्छीमार संघटना आणि ‘कॉन्झर्व्हेशन अॅक्शन ट्रस्ट’ राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. जून २०२१ मध्ये लवादाने या बदलाची तज्ज्ञांकडून फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. अखेरीस नवी वर्गवारी टिकली.

२९/
याच काळात आणखी एक आधार गेला. ३ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांचे निधन झाले. बावीस वर्षे एका प्राधिकरणाची ओळख एका व्यक्तीशी जोडली गेली होती. संस्था व्यक्तीमुळे उंच होते. मात्र ती उंची टिकवणारी व्यवस्था मागे राहिली नाही, तर व्यक्तीबरोबर तीही ओसरते. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी वाढवण बंदराला अटींसह परवानगी दिली.

३०/
पुढचे टप्पे वेगाने आले. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी पर्यावरण मंजुरी. १८ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळल्या. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ जूनला मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला अंतिम मान्यता दिली. ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचा निषेध त्यानंतरही थांबला नाही.

३१/
आता दुसरी बाजू, आणि ती प्रामाणिकपणे. जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजे न्हावा-शेव्याच्या खोलीत पूर्ण भाराने येऊ शकत नाहीत. भारताचा बराच माल कोलंबोसारख्या परक्या बंदरांत उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवावा लागतो. त्याचा खर्च शेवटी उत्पादकावर पडतो. त्यात सोलापूरचा टॉवेलवालाही आला. सरकारच्या मते या बंदरातून प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष १२ लाख रोजगार निर्माण होऊ शकतात. हे मुद्दे हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत.

३२/
म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. देशाला खोल बंदर हवे, हे मान्य केले तरी त्यातून ‘त्याची किंमत कोणी मोजायची’ हे आपोआप ठरत नाही. बंदराचा लाभ वळसंगपर्यंत, दिल्लीपर्यंत, जगभर पातळ पसरतो. त्याचा भार मात्र काही कोळीवाड्यांवर एका जागी पडतो. ज्यांचा लाभ पसरलेला, ते गप्प असतात. ज्यांच्यावर भार एकवटलेला, त्यांना ‘विकासविरोधी’ म्हटले जाते. आपण गप्प असणाऱ्यांत मोडतो, हे मान्य करायला हवे.

३३/
हा पेच महाबंदरापुरता नाही. गोव्यात जुवारीच्या मुखाशी नावशी येथे हौशी नौकांसाठी मरीना बांधण्याची योजना आली, तेव्हा तिथल्या मासेमारी करणाऱ्या गावानेही हाच प्रश्न विचारला: पाणी भाड्याने देणारे तुम्ही कोण? त्याच नदीच्या चिखलीच्या उपसागरात ते पातळ, अर्धपारदर्शक शिंपले वाढतात, जे पूर्वी गोव्याच्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवत. प्रकल्प लहान असो वा मोठा, निळ्या रंगातला खातेदार दोन्हीकडे अदृश्यच असतो.

३४/
इतिहासाचे वेड असलेल्या तरुण मित्रांनो, आपण किल्ले मोजतो, तहांची कलमे पाठ करतो, सनावळ्या भांडून ठरवतो. तीच सवय आपल्या काळाच्या कागदांना लावू या. तहातले एक कलम जसे किल्ला घालवते, तशी वर्गवारीतली एक ओळ किनारा घालवू शकते. लढाईच्या तारखा सर्वांना ठाऊक असतात. परिपत्रकांच्या तारखा ठाऊक असणारा इतिहासकार दुर्मीळ असतो, आणि त्याचीच आज गरज आहे.

३५/
वाढवणने १९९८ मध्ये आपल्याला शिकवले की सामान्य माणसे कायद्याचा आधार घेऊन बलाढ्य योजना थांबवू शकतात. २०२४ ने शिकवले की जो आधार व्याख्येवर उभा आहे, तो व्याख्येबरोबर सरकतो. दोन्ही धडे खरे आहेत. पहिला विसरलो तर निराश होऊ, दुसरा विसरलो तर फसू. किनाऱ्यावरच्या तोंडी रिवाजाला, मासेमारीच्या परंपरागत हक्काला लेखी कायद्यात नाव मिळेपर्यंत हा प्रश्न सुटलेला नाही.

३६/
मधुमतीने मोफत तरी चालवल्या, ही गोष्ट हजार वर्षांनी आपल्यापर्यंत पोहोचली, कारण ती तांब्यावर कोरलेली होती. वाढवणच्या माणसांनी २६ वर्षे आपला समुद्र कसा राखला, हेही कुठेतरी कोरले गेले पाहिजे. तांबे नसले तरी चालेल. आपली स्मृती पुरेल. धागा इथे संपतो. तुमच्या गावाजवळच्या नदीचा, तलावाचा वा गायरानाचा असा कागदोपत्री इतिहास ठाऊक असेल, तर खाली जरूर लिहा.